पिवळ्या ठिपक्याची खोली

सर्व विभाग शांत

मोठ्या हॉटेलांत पूर्वी होम असला की धूर टिपणाऱ्या डिटेक्टरांना टोप्या घालत. पाहुण्यांचे केस भिजू नयेत म्हणून न्हाणीघरात ठेवतात, त्याच प्लास्टिकच्या. गुरुजी यायच्या आधी कुणीतरी शिडीवर चढायचं, होम आटोपला की टोप्या काढायचं, आणि एखादी टोपी वर तशीच राहून जायची. महिनोन्महिने. त्या खोलीत काहीही पेटलं असतं तरी यंत्राला कळलं नसतं.

ऋजुता निगुडकरने अशा विसरलेल्या टोप्या बऱ्याच काढल्या होत्या. आगीची सूचना देणारी यंत्रणा बसवणं हे तिचं काम. आता टोप्यांची गरज उरली नव्हती, कारण नवे डिटेक्टर धुराचा वास ओळखत. तूप आणि समिधा वेगळ्या, सिगारेट वेगळी, जळती वायर वेगळी. कोयनेच्या जलाशयाकाठी, डोंगरउतारावर पसरलेल्या या रिसॉर्टमध्ये तिने ते बसवले, आणि चाचणीच्याच आठवड्यात वडिलांचं सहस्रचंद्रदर्शनही तिथे ठेवलं. होम, वयाइतके दिवे लावून औक्षण, पंगत.

विजूकाकू म्हणाली, "तुझ्या साइटवर म्हणजे घरचंच की गं."

घरचंच असल्यासारखं सगळे वागले. औक्षण झाल्यावर काकूने दिव्यांतलं उरलेलं तेल खोलीतल्या पांढऱ्या टॉवेलांनी पुसून काढलं. एकेक निरांजन, नीट, बोट घालून.

"काकू, टॉवेल कशाला?"

"धुतात ते. त्यांचं कामच आहे."

हे टॉवेल लक्षात ठेवा.

यंत्राचं नाव : सोबत

घंटा वाजते, माणूस दाराकडे जातो. आगीच्या घंटेमागे इतकी वर्षं हीच समजूत होती. पण आगीतून वाचलेल्यांशी जे बोलले त्यांना वेगळंच ऐकायला मिळालं. घंटा ऐकून माणूस दाराकडे जात नाही. आपल्या माणसाकडे जातो. बाहेर पडलेला परत आत शिरतो, धुराकडे चालत जातो, जिन्यावर उलट्या दिशेने धक्के खात वर चढतो. त्याला अडवलं की गोंधळ वाढतो आणि दोघेही अडकतात.

मग ऋजुताच्या कंपनीने ठरवलं, अडवायचं नाही. वाट दाखवायची.

पाहुण्याच्या मनगटात खोली उघडायचं कडं असतं. तो कुणाच्या दाराशी जातो, किती वेळा, किती वेळ थांबतो, हे कड्यावरून कळतं. शिवाय चाल. आवडत्या माणसाकडे जाताना शेवटच्या वळणावर पावलं भरभर पडतात. नावडत्याकडे जाताना दारापाशी रेंगाळतात. दोन दिवसांत यंत्र प्रत्येकाची ओढ मोजतं. आग लागली की घंटा नाही, आरडाओरडा नाही. तुमच्या पायापासून जमिनीवर एक हिरवी पट्टी उजळते. ती आधी तुम्हाला तुमच्या माणसाकडे नेते, मग दोघांना बाहेर.

आणि ज्याच्याकडे कुणाचीच पट्टी जात नाही, त्याचं काय?

सुरक्षा अधिकाऱ्याच्या पॅनेलवर, म्हणजे यंत्राच्या स्क्रीनवर, त्याच्या खोलीपाशी पिवळा ठिपका येतो आणि हॉटेलचा एक कर्मचारी त्या खोलीसाठी नेमला जातो. पाहुण्याला हे कळत नाही. ठिपका फक्त पॅनेलवर दिसतो.

ठिपक्याची कल्पना ऋजुताची. बैठकीत टाळ्या वाजल्या होत्या.

खालची ओळ, कोपऱ्याची खोली

पंगत उठली, पानं उचलली गेली, आणि संकपाळने तिला पॅनेलच्या खोलीत बोलावलं. संकपाळ रिसॉर्टचा सुरक्षा अधिकारी, मेढ्याकडचा, मोजकं बोलणारा. त्याच्या शर्टावर अजून अक्षतांचे दोन दाणे होते.

"मॅडम, एक बघता का?"

"सेन्सर गेला?"

"सेन्सर ठीकाय." त्याने स्क्रीनवर बोट ठेवलं आणि लगेच मागे घेतलं. "हे तुमचेच ना?"

भालचंद्र निगुडकर. अप्पा. पिवळा ठिपका. शेजारी नाव, दीपाली जंगम, रूम सर्व्हिस.

ती बघत राहिली. सकाळीच तर सगळ्यांनी रांगेत उभं राहून ओवाळलं होतं. कुणी वाकून नमस्कार केला होता, कुणी फोटोसाठी दोनदा केला होता.

"यंत्र आहे, चुकत असेल," संकपाळ म्हणाला.

ते चुकत नव्हतं. सगळ्यांच्या खोल्या वरच्या ओळीत, अप्पांची खाली, कारण खुब्याच्या ऑपरेशननंतर ते वॉकर घेऊन चालत आणि त्यांना पायऱ्या नको होत्या. शिवाय अप्पांकडे गेलं की लवकर सुटका नसे. पंपसेट विकत ते मराठवाडाभर हिंडले होते आणि प्रत्येक गावच्या लॉजची त्यांच्याकडे गोष्ट होती. त्यातली परभणीची सगळ्यांत लांब. त्यामुळे चहा वेटर नेत होता, औषध वेटर देत होता. त्यांचा मुलगा सुहास आल्या दिवशी दारातून "काय अप्पा, मजेत ना?" म्हणून गेला होता. मिहिका, ऋजुताची मुलगी, एकदाही गेली नव्हती. ऋजुता एकदा गेली होती, डिटेक्टर तपासायला.

"दीपालीला राहू दे का?" संकपाळने विचारलं. "चांगलीय मुलगी. लक्ष ठेवते."

तो साधं विचारत होता. तिला ते साधं वाटलं नाही. आपल्याच यंत्राने आपलं घर एका परक्या माणसासमोर उघडं केलं होतं, आणि तो माणूस नजर दुसरीकडे वळवून उभा होता. ओरडला असता तर बरं झालं असतं.

"कशाला? मी आहे ना," ती म्हणाली.

भेट, पॅनेलला दिसली तशी

कडं : ऋजुता निगुडकर. शेवटच्या वळणावर वेग वाढला. दाराशी रेंगाळणं नाही. थांबली, पुरेसा वेळ. त्याच दिवशी पुन्हा. दुसऱ्या सकाळी पुन्हा. ओढ : वाढती.

तीच भेट

ओढ कशी मोजतात हे तिला माहीत होतं, म्हणून शेवटच्या वळणावर ती मुद्दाम भरभर चालली. अप्पांच्या व्हरांड्यात बसली आणि फोनवर ऑफिसचे मेल वाचू लागली. भेट खरी धरायला यंत्राला जेवढा वेळ लागतो, तेवढा काढायचा होता.

दार उघडलं. "अगं, बाहेर काय बसलीस? ये की आत!"

दुसऱ्यांदा आली तेव्हा अप्पांनी खुर्ची आधीच ओढून ठेवली होती. तिसऱ्यांदा बिस्किटं काढून ठेवली होती, रेल्वेत मिळतात तसली, प्रवासात बरोबर आणलेली.

"परभणीचं सांगितलंय का तुला? लॉज स्टेशनसमोर. लाइट गेलेले. आणि कुणीतरी सारखं माझं दार वाजवतंय. मी म्हटलं, कोण? उत्तर नाही. परत टकटक. मग मी उठलो, कडी काढली, दार उघडलं, तर..."

तिने घड्याळ पाहिलं. पुरेसा वेळ झाला होता.

"अप्पा, आलेच हं."

"ये ये. काम महत्त्वाचं."

पॅनेलवर ठिपका विझला. दीपालीचं नाव पुसलं गेलं. संकपाळ म्हणाला, "झालं की, मॅडम." तिला हायसं वाटलं. त्या क्षणी वडील तिच्या मनातही नव्हते. संकपाळ होता.

लॉन्ड्री

टॉवेल धुतले तरी तेल पूर्ण जात नाही, धाग्यांत थोडं राहतं. तसले टॉवेल ड्रायरमधून गरमच काढले, घड्या केल्या आणि दाबून रचले, की धाग्यांतलं तेल हवेतला प्राणवायू घेत हळूहळू तापू लागतं. एरवी ती उष्णता उडून जाते. गठ्ठ्याच्या पोटात तिला वाट नसते. तेल तापतं, तापल्याने आणखी प्राणवायू घेतं, आणखी तापतं. काडी लागत नाही, ठिणगी लागत नाही. रचून ठेवलेलं पांढरं कापड आतून काळं पडतं आणि पेटतं.

लॉन्ड्री खालच्या ओळीला लागून होती. दुपारची जेवणं होऊन लोक आडवे झाले होते.

आग : खालची ओळ

डिटेक्टरने वेळेत ओळखलं. घंटा वाजली नाही. वरच्या ओळीत दारं उघडली, बायका केस बांधत बाहेर आल्या, पट्ट्या उजळल्या, लोक आपापल्या माणसांकडे आणि मग बाहेर निघाले. धक्काबुक्की नाही. इतकं सुंदर चाललं होतं की पॅनेलच्या खोलीतून बघताना ऋजुताला अभिमान वाटला.

मग तिच्या स्वतःच्या पायापाशी पट्टी उजळली.

पट्टी दारातून बाहेर गेली. डावीकडे वळली. उताराकडे. खालच्या ओळीकडे. अप्पांकडे.

मिहिका उजवीकडे होती, पाण्याकाठी, होड्यांच्या खोलीत.

पट्टी डावीकडे.

यंत्राने तिच्यावर विश्वास ठेवला होता.

ती उजवीकडे धावली.

(कुठल्याही आईने हेच केलं असतं. हे वाक्य तिने नंतर खूप वेळा वापरून पाहिलं. ते खरं आहे. त्याचा उपयोग होत नाही.)

होड्यांच्या खोलीत कुणी नव्हतं. मिहिका मामेभावंडांबरोबर केव्हाच हिरवळीवर पोचली होती.

"आई, तू इकडं कशाला आलीस? आम्ही मघाशीच निघालो." मग तिने आईच्या मागे पाहिलं. "अप्पाआजोबा कुठेत?"

ओढ खोटी ठरली, तर काय करायचं? यंत्रात याची सोय नव्हती. ती कुणाला सुचलीच नव्हती. ठिपका विझला म्हणजे माणूस आहे. माणूस आहे म्हणजे तो येणार. खालच्या ओळीतले कर्मचारी आपापले पिवळे ठिपके घेऊन निघाले होते.

ऋजुता उताराकडे पळत सुटली. अर्ध्या वाटेवर धुरातून सामानाची पितळी ट्रॉली वर येताना दिसली. ट्रॉलीवर अप्पा, तोंडाला ओला रुमाल, मांडीवर आडवा वॉकर. मागून वाकून ढकलणारी दीपाली. अप्पांच्या पायांत बूट होते. नाड्या बांधलेल्या.

दीपालीने सांगितलं ते

"माझं नाव निघालेलं, मॅडम. मला शेजारची खोली होती. पण सवयीनं यांचं दार वाजवलं. तर हे बूट घालून खुर्चीत बसलेले. म्हटलं, आजोबा, चला की वो, धूर येतोय. तर म्हणाले, तू जा पोरी, माझी मुलगी येतीय. दिवसातनं चारदा येते. ती बघ, म्हणाले, लाइन लागली तिची. खरंच दाराशी हिरवी लाइन आलेली. मग मी त्या दुसऱ्या बाईंना बाहेर सोडलं. मागं वळून बघितलं तर यांचं दार तसंच. लाइन तशीच. लाइनीवर माणूस नाही."

तिने भाजलेल्या मनगटावर फुंकर घातली.

"ट्रॉलीत बसवताना ऐकत नव्हते. म्हटलं, परभणीचं सांगा. मग आले. खोकत खोकत सगळं सांगितलं. शेवट लई भारी हाय की ओ त्याचा."

महाबळेश्वर, दवाखाना

रात्रभर प्राणवायू लावला. सकाळी नळी काढल्यावर अप्पांनी आधी दाढीचं सामान मागितलं. सगळे भेटून गेले. सुहास रडला. विजूकाकू टॉवेलांबद्दल काही बोलली नाही, पण तिने अप्पांचे पाय चेपले, न सांगता, बराच वेळ.

खोलीत दोघंच राहिली तेव्हा ऋजुता म्हणाली, "अप्पा, मी..."

"उद्या चौकशी आहे म्हणे?"

"हो. रिसॉर्टवरच. जिल्ह्याचे अग्निशमन अधिकारी येणार. आमचे साहेबही."

"तिथं सांग, तूच आणलंस मला. दीपालीशी बोललोय मी. ती हो म्हणालीय."

"माझ्यासाठी खोटं नका बोलू, अप्पा."

अप्पांनी आरसा खाली ठेवला. अर्ध्या गालाला साबण तसाच.

"तुझ्यासाठी?" ते म्हणाले. "सहस्रचंद्रदर्शन झालं माझं. फोटो सगळ्यांकडे गेले. आणि दुसऱ्या दिवशी आग लागली, तर मला घ्यायला घरचं कुणी आलं नाही. हे चारचौघांत वाचून दाखवणार ते. मी तिथं खुर्चीत बसलेला असणार."



"व्हरांड्याचा पडदा उघडाच असतो माझा," ते म्हणाले. "लॉजवर राहिलेला माणूस बाहेर बघितल्याशिवाय दार उघडत नाही. तू फोन बघायचीस. घड्याळ बघायचीस. कशासाठी येतीयस ते कळत नव्हतं, पण माझ्यासाठी नाही एवढं कळत होतं."

"मग थांबलात का? दीपाली नेत होती तर..."

"लाइन आली ना दाराशी." त्यांनी आरसा पुन्हा उचलला. "म्हटलं, ह्या वेळी खरंच येतीय."

चौकशी

बँक्वेट हॉल. अजून होमाचा वास होता. अधिकारी मध्ये, कंपनीचे साहेब शेजारी, संकपाळ भिंतीला टेकून. पहिल्या रांगेत अप्पा, इस्त्रीचा सदरा, ताठ. त्यांच्यामागे सगळे निगुडकर.

खालच्या भागाची तार जळाल्याने तिथल्या त्या वेळच्या नोंदी गेल्या होत्या, होड्यांच्या खोलीसकट. कोण कुठे गेलं हे आता फक्त माणसं सांगतील ते. साहेबांनी बाहेर तिला गाठलं होतं. "आपल्या पट्टीने लेकीला वडिलांपर्यंत पोचवलं. याहून मोठी जाहिरात नाही, ऋजुता. पुढच्या महिन्यात आणखी हॉटेलांत बसतंय."

आणखी हॉटेलं. आणखी खालच्या ओळी. ठिपका दिसला की शरमेने विझवणारी आणखी माणसं.

अधिकाऱ्यांनी विचारलं, "कोपऱ्याच्या खोलीतल्या गृहस्थांना बाहेर कुणी काढलं?"

"मॅडमनी," दीपाली म्हणाली. चटकन, पाठ केल्यासारखं. तिच्या मनगटाला भाजल्याची पट्टी होती.

अप्पांनी मान वळवली नाही. पण त्यांचा हात वॉकरच्या दांडीवर घट्ट झाला. ऋजुताला तो हात दिसत होता. तिने गप्प बसायचं होतं, एवढंच. आयुष्यात पहिल्यांदा वडिलांनी तिच्याकडे काहीतरी मागितलं होतं.

"दीपालीने," ती म्हणाली.

साहेब खोकले.

"पट्टी माझ्या पायाशी लागली होती. मी गेले नाही, दुसरीकडे गेले. या खोलीवर पिवळा ठिपका होता आणि दीपाली नेमलेली होती. तो ठिपका मी घालवला. खोट्या भेटी देऊन. ओढ खोटी करता येते. आपल्याच घरच्या खोलीवर ठिपका असलेला कुणाला बघवत नाही, त्यामुळे लोक ती करणार. हे दुरुस्त होईपर्यंत यंत्र कुठेही बसवू नका."

मागे निगुडकरांच्यात कुणीतरी "अगं बाई" म्हणालं. त्या सगळ्यांच्या पट्ट्या कुठे कुठे गेल्या होत्या हे ज्याला त्याला माहीत होतं.

अप्पा उठले. वॉकर पुढे टाकला, पाऊल टाकलं, वॉकर पुढे टाकला. हॉल लांब होता. कुणी हात द्यायला गेलं नाही, कारण आता ते कसं दिसेल हे प्रत्येकाला कळत होतं. दीपाली गेली.

सर्व विभाग शांत

संध्याकाळी वरच्या ओळीतल्या बॅगा भरून झाल्या. अप्पांना वरची खोली देऊ केली होती. त्यांनी खालचीच मागितली, जळलेल्या भागापासून दूरची.

ऋजुता पॅनेलच्या खोलीत गेली. ठिपका परत आला होता. तिने मनगटातलं कडं काढलं आणि संकपाळच्या टेबलावर ठेवलं.

"मॅडम, हे नसलं तर तुमची नोंद होणार नाही."

"माहीत आहे."

ती उतार उतरली. शेवटच्या वळणावर पावलं जड झाली. यंत्राने बघितलं असतं तर लिहिलं असतं, रेंगाळली. तिने ती रेंगाळू दिली.

दारावर टकटक केली. पडदा हलला. बराच वेळ काही झालं नाही. तिला वाटलं, उघडणार नाहीत.

कडी निघाली.

"किती वेळ आहेस?" अप्पांनी विचारलं. रागाने नाही. वेटरला विचारावं तसं.

"घड्याळ नाही आणलं."

ते बाजूला झाले. खुर्ची ओढलेली नव्हती, बिस्किटं काढलेली नव्हती. ती पलंगाच्या कडेला बसली. बाहेर जलाशयावर शेवटची होडी काठाला येत होती.

"परभणीचं सांगा ना. दार उघडलं, तर काय होतं?"

"आज नको," अप्पा म्हणाले.

"बरं. नुसती बसते."

ते तिच्याकडे न बघता खिडकीशी गेले आणि बाहेर बघत उभे राहिले. तिने काही विचारलं नाही. त्यांनी तिला जा म्हटलं नाही.

वर पॅनेलवर त्या खोलीची ओळ होती : *व्यक्ती एक. सोबत नाही.* शेजारी पिवळा ठिपका, आणि दीपालीचं नाव.